नवे हृदय मिळाले, मग पाप कुठून येते? वाचकांचे प्रश्न

पत्रे वेगवेगळ्या गावांहून येतात, पण गुंता एकच असतो. तारण झाले, नवा जन्म झाला, तरी राग, हेवा, वासना जात नाहीत. मग हृदय बदलले की नाही? मी प्रॉटेस्टंट शिकवणुकीतून उत्तरे देतो आहे. तुमच्या पाळकांशी प्रत्यक्ष बोलायचे काम या उत्तरांनी टळत नाही.

यिर्मया 17:9 मध्ये हृदय सर्वांत कपटी आहे असे म्हटले आहे. विश्वासणाऱ्याचे हृदयही तसेच का? (संगमनेर)

तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. यहूदाचे पाप लोखंडी लेखणीने त्यांच्या हृदयावर कोरले गेले आहे, असे तिथे म्हटले आहे. नववे वचन त्या हृदयाविषयी आहे. आता त्याच यिर्मयाचा 31:33 काढा. तिथे देव म्हणतो, मी माझे नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. यहेज्केल 36:26 मध्ये तर दगडाचे हृदय काढून मांसाचे देण्याचे वचन आहे. म्हणून ‘माझे हृदय नासकेच’ असे विश्वासणाऱ्याने घोकत बसणे ही नम्रता नाही. देवाने केलेले काम आपण त्यात नाकारतो.

तरीही जुनी ओढ उरते. प्रेषित पौल तिला ‘देह’ म्हणतो. देह म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे, देवाला बाजूला सारून जगू पाहणारा स्वभाव. देह आत्म्याविरुद्ध आणि आत्मा देहाविरुद्ध, हे गलती 5:17 मध्ये त्याने मंडळ्यांतल्या विश्वासणाऱ्यांनाच लिहिले आहे.

बाप्तिस्म्यात मूळ पाप धुतले जाते ना? मग वासना का राहते? (वसई)

तुमच्या कॅथलिक शिकवणुकीत याचे उत्तर 1546 साली ट्रेंटच्या धर्मसभेने दिले: पाप धुतले जाते, वासना झगड्यासाठी उरते, पण ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, श्रद्धेच्या 39 कलमांपैकी नववे कलम म्हणते की हा बिघाड नवा जन्म झालेल्यांतही राहतो आणि त्या वासनेला पापाचाच गुण आहे. ओढ उरते, यावर दोघांचे एकमत आहे. पुढचे तुमच्या फादरांना विचारा.

शनिवारी भावाला रागात शिवी दिली. रविवारी प्रभुभोजन घेऊ का?

आधी भावाची माफी मागा, मग या.

शिबिरात सांगितले की 1 योहान 3:9 प्रमाणे देवापासून जन्मलेला पाप करतच नाही. ज्याच्याकडून होते त्याच्यात पापाचा आत्मा आहे, तो काढायला तीन दिवसांचे वेगळे शिबिर आहे. शुल्क आणि अभिषेकाचे तेल घ्यावे लागते. जावे का? (पुणे)

जाऊ नका. भरलेले पैसे परत मागा.

योहानाने त्याच पत्रात, 1:8 मध्ये लिहिले आहे की आपल्या ठायी पाप नाही असे म्हटले तर आपण स्वतःला फसवतो. त्या ‘आपण’मध्ये प्रेषित स्वतःला धरतो. 3:9 मधले ग्रीक क्रियापद चालू काळातले आहे, म्हणून अनेक भाष्यकार त्याचा अर्थ ‘पाप करत राहत नाही, त्यातच मुक्काम करत नाही’ असा घेतात. एक वचन उचलायचे आणि दोन पाने मागचे झाकायचे, हे शिकवणे नव्हे.

हा वादही नवा नाही. 3 सप्टेंबर 1741 रोजी लंडनच्या एका बागेत मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली आणि मोरावियन मंडळीचा पुढारी काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्यात यावर लॅटिनमध्ये वाद झाला. पुढे 1763 मध्ये वेस्लीने विश्वासणाऱ्यांतल्या पापावर प्रवचनच लिहिले. ख्रिस्ती परिपूर्णतेवर आयुष्यभर जोर देणारा हा माणूस, पण नवा जन्म झालेल्यात पाप राहते, फक्त राज्य करत नाही, यावर तो ठाम होता.

माझी खरी चिंता वेगळी आहे. अशी तीन शिबिरे केलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. तिसऱ्या शिबिराची पावती त्याने पवित्र शास्त्रात, रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात घडी घालून ठेवली होती. मोबाइलवरची घाणेरडी चित्रे सुटत नव्हती. चार वर्षे तो कोणाशी बोलला नव्हता, कारण दर शिबिराच्या शेवटी पुढे उभा राहून त्याने ‘मी मुक्त झालो’ अशी साक्ष दिली होती. आता खरे बोलावे तर ती साक्ष खोटी ठरते. ‘पाप उरतच नाही’ ही शिकवण पाप घालवत नाही, ते लपवायला शिकवते. आम्ही तेल वापरले नाही. रात्री फोन थोरल्या भावाच्या खोलीत ठेवायचा आणि दर बुधवारी पाळकांना भेटून खरे सांगायचे, एवढेच ठरवले. पहिल्या बुधवारी तो अर्धा तास गप्प बसून होता. दुसऱ्या बुधवारी बोलला. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करा असे आहे. त्याला शुल्क लावलेले नाही. तुम्हीही शिबिराची वाट न पाहता याच आठवड्यात पाळकांना भेटा.

पती मारतात आणि मग म्हणतात, ‘मी नव्हे, माझ्यात वसणारे पाप हे करते.’ मंडळीतले वडीलजन म्हणतात, क्षमा कर. काय करू?

ताई, पती म्हणतात ते वचन, रोम 7:17, हे मारणाऱ्याच्या हातातले कवच नाही. ते लिहिणारा पौल 7:24 मध्ये ‘किती मी कष्टी माणूस!’ म्हणून हंबरडा फोडतो, आणि त्याआधी 6:12 मध्ये पापाला राज्य करू देऊ नका अशी आज्ञाही करतो. क्षमा करणे वेगळे, मार खात राहणे वेगळे. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.

नव्या जन्माची तारीख सांगता येत नाही. काही चुकले का?

नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, पण ख्रिस्त स्वतः उमगायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली, अशी त्यांचीच साक्ष आहे. आज विश्वास आहे का, ते पाहा.

एकाच पापाची दिवसात तीस-चाळीस वेळा क्षमा मागते. तरी माफ झाले असे वाटत नाही, झोप येत नाही. माझा विश्वास कमी आहे का?

1 योहान 1:9 प्रमाणे पाप कबूल केले की देव क्षमा करतो. चाळिसाव्या वेळी तो जास्त क्षमा करत नाही. तुमच्या लिहिण्यावरून हा विश्वासाचा प्रश्न वाटत नाही. मंत्रचळ (OCD) नावाच्या मानसिक आजारात असे होते आणि त्यावर उपचार आहेत. निदान मी करणार नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचे काम. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर आजच बोला. ‘अजून प्रार्थना कर’ म्हणणाऱ्यांचे ऐकून आणखी महिने घालवू नका. डॉक्टरांकडे एकटीने जायला धीर होत नसेल, तर घरच्या कोणाला किंवा पाळकांच्या पत्नीला सोबत न्या.