चित्राचा भाव पाडू नका, बाकी काय वाट्टेल ते करा

तुमचा प्रश्न असा आहे की दीड वर्षापूर्वी पुण्यात छोटा स्टुडिओ आणि त्याला लागूनच गॅलरी काढली, सहा महिने झाले विक्री थंड आहे, तर भाव खाली आणून माल मोकळा करावा का गॅलरी बंद करून नुसते क्लास चालवावेत. ते "माल मोकळा करावा" वाचलं आणि मला राहवेना. हेच शब्द मी २००९ च्या फेब्रुवारीत माझ्या पार्टनरच्या तोंडून ऐकलेत. तेव्हा मी गप्प बसले होते, म्हणून आता लिहिते.

मी कोल्हापूरची. २००५ च्या पाडव्याला कॉलेजातल्या एका बॅचमेटबरोबर शाहूपुरीत गाळा भाड्यानं घेतला, पुढं गॅलरी आणि मागं स्टुडिओ. ते दिवसच वेगळे होते. त्याच वर्षी चित्रकार तैयब मेहतांचं महिषासुर न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेलं आणि पेपरवाल्यांनी ते इतकं छापलं की चित्र म्हणजे काय हे कधी न बघितलेला माणूसपण विचारायला लागला, मॅडम हे घेतलं तर पाच वर्षांनी किती होतील. मी तेव्हाच सांगत होते की असं विचारणाऱ्याला चित्र देऊ नये, पार्टनर म्हणायचा गिऱ्हाईक आलंय ते घे. आणि खरं सांगायचं तर मीही घेतलं. २००६, २००७ ही दोन वर्षं आम्ही साड्यांसारखी चित्रं विकली, सोफ्याचा रंग विचारून.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले फौंड्रीवाले, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे मालक, त्यांच्या ओळखीतले डॉक्टर, एखाददुसरा बिल्डर. फौंड्रीचं काम गाड्यांच्या कंपन्यांवर चालतं, गाड्या खपायच्या थांबल्या की इथं आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एक शिफ्ट बंद होते, आणि त्याच्याही आधी मालक चित्रं घ्यायचं बंद करतो. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली. दिवाळीनंतर आमच्याकडं तीन महिन्यांत एक चित्र गेलं नाही. एकही नाही. भाडं महिना ९,००० आणि लाइट बिल वेगळं.

आता तो प्रसंग. आमच्याकडं एका निवृत्त ड्रॉइंग सरांची चित्रं होती. नाव लिहीत नाही, सर आता नाहीत. रंकाळा तलाव, त्यातला दगडी संध्यामठ, पंचगंगेचा घाट, सगळं जागेवर बसून केलेलं ऑइल. पहाटे सायकलवर बोर्ड आणि डबा घेऊन जायचे, ऊन वर आलं की थांबायचे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत त्याच जागी. संध्यामठ निम्मा पाण्यात असतो तेव्हा पाण्यातलं दगडाचं प्रतिबिंब कसं हिरवट पडतं ते सरांसारखं काढणारा मी दुसरा बघितला नाही, जुन्या काळच्या चित्रकार आबालाल रहिमानांपासून रंकाळा काढणाऱ्यांची रांग लागलीय या गावात तरी म्हणते. २००७ मध्ये त्यांचं २४ बाय ३० चं संध्यामठ आम्ही शिरोलीच्या एका कारखानदाराला ४०,००० ला दिलं. आमचं कमिशन ३० टक्के, २८,००० सरांना रोख. सरांनी आयुष्यात चित्राचे एवढे पैसे एकदम बघितले नव्हते, ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलेलं मला अजून दिसतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये मी आठवडाभर माहेरी गेले होते. परत आले तर भिंतीवर तीन जागा रिकाम्या. पार्टनरनं सरांची तीन चित्रं, तीच साइझ, एका नव्या हॉस्पिटलच्या वेटिंग रूमसाठी डॉक्टरांना १२,००० ला एक अशी देऊन टाकली होती. सरांना विचारलं नव्हतं. मला फोन नव्हता केला. वर म्हणाला, छत्तीस हजार आले, चार महिन्यांचं भाडं सुटलं, माल अडकून पडण्यापेक्षा मोकळा झालेला बरा.

मी काही बोलले नाही. हिशोब डोक्यात करायला पाहिजे होता तो केला नाही, हीच माझी चूक.

एप्रिलमध्ये ते शिरोलीचे कारखानदार आले. गाडीच्या डिकीत चादरीत गुंडाळलेलं संध्यामठ. नातेवाईकाला बघायला त्या हॉस्पिटलात गेले होते, वेटिंग रूममध्ये बसले, समोर सरांचा रंकाळा, कौतुकानं डॉक्टरांना विचारलं केवढ्याला घेतलं. बस. आवाज चढवला नाही त्यांनी, चित्र टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "काय ओ मॅडम, येड्यात काढलासा व्हय मला?"

मी काय उत्तर देणार. मंदी आहे म्हणून? मंदी त्यांनाही होती, त्यांच्या दोन शिफ्ट बंद होत्या. मी म्हटलं चित्र ठेवून जा, पैसे परत देते, पण हप्त्यानं. महिना ८,००० असे पाच हप्ते मी दिले. सरांकडून त्यांचे २८,००० परत मागायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं ४०,००० पूर्ण आमच्या अंगावर.

आणि सर. त्यांच्या कानावर गेलंच, कोल्हापूर केवढं आहे. ते आले, उरलेली अकरा चित्रं स्वतः भिंतीवरून उतरवली, दोन खेपांत रिक्षानं घेऊन गेले. मी हात लावायला गेले तर नको म्हणाले. दारात थांबून म्हणाले, "चाळीस मी मागितले नव्हते, तुम्हीच ठरवलेत. आता बारा का झाले तेपण तुम्हीच सांगा." नंतर पाच वर्षं त्यांनी आमच्याकडं चित्र दिलं नाही.

आता तो हिशोब करते, कारण पार्टनर आजही कुठं लग्नात भेटला की म्हणतो त्या छत्तीस हजारांनी गाळा वाचवला. छत्तीस हजारांत आपले किती होते? ३० टक्के, म्हणजे १०,८००. बाकीचे २५,२०० सरांचे, जे त्यानं भाड्यात भरले आणि सरांना मे महिन्यात मिळाले तेही मी मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने गहाण ठेवून दिले. म्हणजे सव्वा महिन्याच्या भाड्यापायी ४०,००० गेले, एक गिऱ्हाईक गेलं आणि गावातला सगळ्यात चांगला लँडस्केपवाला गेला. याला गाळा वाचवणं म्हणत नाहीत.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, भाव पाडू नका. चित्राचा भाव हा तुमचा एकट्याचा नसतोच, आधी ज्यानं घेतलं त्याचा असतो आणि ज्यानं काढलं त्याचा असतो. स्क्वेअर इंचाचा जो रेट त्या आर्टिस्टचा ठरलाय तो खाली आणू नका, साइझ कमी करा. ६ बाय ८ इंचाची छोटी कामं करून घ्या, दिवाळीच्या आधी त्यांचं एक छोटं प्रदर्शन लावा, दीड ते चार हजारांत माणूस घरी काहीतरी नेतो. लहान कामाला स्क्वेअर इंचाचा रेट थोडा जास्तच बसतो, मेहनत तेवढीच असते, त्यात वाईट वाटून घेऊ नका. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र, येत असेल तर पंचवीस छापांची एडिशन काढा, सहीनं, नंबर घालून, आणि पंचवीस म्हणजे पंचवीसच. मोठं चित्र घेणारा अडून बसला तर हप्ते द्या, फ्रेम फुकट द्या. फ्रेम फुकट दिली तर बिलावर चित्राचा आकडा तोच राहतो, हे फार महत्त्वाचं आहे.

फ्रेमवरून आठवलं, माझं आणि पार्टनरचं खरं भांडण यावरच झालं. शेवटचा हप्ता द्यायला मी शिरोलीला गेले तेव्हा त्या कारखानदारांनी कपाटातून वडिलांचा फोटो काढला, फेटा बांधलेला, काळा कोट, कडेनं बुरशी लागलेली, काच फोटोला चिकटलेली. म्हणाले हे नीट करून फ्रेम करता का. मी घेऊन आले. काच सोडवायलाच दोन दिवस लागले, मागं ॲसिड-फ्री बोर्ड घातला, काच आणि फोटोच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, दिला म्हणजे परत चिकटणार नाही. त्यांनी तो ऑफिसात लावला आणि महिन्याभरात सहा फौंड्रीवाल्यांचे आजोबा माझ्या टेबलावर होते. तेव्हा मी म्हटलं आपण फ्रेमिंग सुरू करू, मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, फुटावर विकलं जातं, माउंट कटर आणि जोड मारायचं जुनं मशीन कर्जानं घेता येईल. पार्टनर म्हणाला आपण गॅलरी काढलीय, काचवाल्याचं दुकान नाही. मी म्हटलं याच गावात बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवलेत, हुसेननं मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवलीत, एस. एम. पंडितांनी कॅलेंडरं केलीत, त्यानं त्यांचा हात बाटला का? तो म्हणाला तू त्यांची बरोबरी करू नकोस. २०१० मध्ये आम्ही वेगळे झालो. गाळा मी ठेवला.

आज माझ्याकडं शंभर रुपये आले तर साधारण ५५ फ्रेमिंगचे, ३० क्लासचे आणि १५ चित्रांच्या विक्रीचे असतात. क्लास म्हणजे मुख्यतः एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पाठवतात, जून ते सप्टेंबर गर्दी. त्यात दरवर्षी दोनतीन पोरं अशी निघतात की परीक्षा संपली तरी येत राहतात, स्टिल लाइफची बाटली घासून पुसून मांडणारी. त्यांच्यासाठी क्लास चालवायचा. पण तुम्ही म्हणता तसं गॅलरी बंद करून नुसता क्लास, हे मला पटत नाही. भिंतीवर खरी चित्रं लागलेली असतात म्हणून तो क्लास चांगला होतो, मुलं येता-जाता बघत असतात, शिकवून येत नाही ते त्यातून येतं. आणि फ्रेमला येणारा माणूस पण थांबून बघतो. माझ्या १५ रुपयांतले दहा तरी फ्रेम न्यायला आलेल्या माणसांकडून आलेत.

२०१९ चं सांगायला पाहिजे. त्या वर्षी गाड्यांचा खप परत पडला, शिफ्ट परत बंद, आणि ऑगस्टात महापूर. धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या खूपच वर गेलं, हायवे बंद, गाळ्यात कमरेएवढं पाणी. मोल्डिंग सगळं फुगलं. चित्रं आदल्या रात्री वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टकडं हलवली होती म्हणून वाचली. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. पण पाणी उतरल्यावर लोक काय घेऊन आले माहितीय? भिजलेले फोटो. चिखल लागलेले, एकमेकांना चिकटलेले लग्नाचे फोटो. चार महिने तेच काम केलं, आणि त्या कामानं लॉकडाऊनमधलं भाडं भरलं. भाव एकाही चित्राचा कमी केला नाही.

आता एक गोष्ट, जी खरं तर वरच लिहायला हवी होती. माझ्या नवऱ्याला बँकेत पगार होता. २००९ मध्ये घरात धान्य कुठून येणार हा प्रश्न मला नव्हता, पार्टनरला होता, त्याला दोन मुलं होती आणि गाळ्याशिवाय दुसरं उत्पन्न नव्हतं. त्यामुळं मी जे ठामपणे लिहिते ते लिहिणं मला सोपं आहे. तुमच्याकडं पाठीमागं काही नसेल तर जागा लहान करा, कमी भाड्याच्या गल्लीत जा, दोन दिवस दुसऱ्याकडं नोकरी करा, त्यात काही कमीपणा नाही. पुण्याचं भाडं आणि कोल्हापूरचं भाडं यात फरक आहे तोही धरा. तरीपण सरांना एक फोन पार्टनर करू शकत होता. त्याला पैसे लागत नव्हते. सर कदाचित हो म्हणाले असते, कदाचित लहान चित्रं करून दिली असती, २०१४ मध्ये मी घरी जाऊन माफी मागितल्यावर त्यांनी तशी दिलीच, ५ बाय ७ ची बारा, आणि बाराच्या बारा गेली.

म्हणून आधी एक काम करा. तुमच्या भिंतीवर ज्यांची ज्यांची चित्रं आहेत त्यांची यादी काढा, प्रत्येकाचं चित्र आधी कुणाला केवढ्याला दिलंय ते समोर लिहा, आणि एकेकाला फोन लावा. परिस्थिती सांगा, विक्री नाही हे सांगा, लहान काम द्याल का विचारा. कमिशन आणि पैसे द्यायची तारीख कागदावर नसेल तर त्याच फोनवर ठरवा आणि व्हॉट्सअपवर लिहून पाठवा. फ्रेमिंगचा विचार असेल तर मशीन नवीन घेऊ नका, बंद पडलेल्या दुकानांतून जुनी निघतात, ब्लेड बदललं की वर्षानुवर्षं चालतात. कटर निवडताना अडलं तर खाली कमेंटमध्ये विचारा, मी रात्री नऊनंतर बघते.