पैठणीचा पदर रबरासारखा का ताणतो?

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बाईच्या मॉडेलवर पैठणीचा पदर टाकला आहे. क्लॉथमधलं (कापडाची हालचाल घडवणाऱ्या सोयीतलं) सिल्कचं तयार माप घेतलं, तरी पदर रबरासारखा लोंबतो, जरीचा भारदस्तपणा दिसत नाही. जाळी (मॉडेल ज्या बिंदू-चौकटींनी बनतं ती) बारीक केली तर आणखीच बिघडलं. काय चुकतं?
– एक वाचक, पैठण

उत्तर : जाळी बारीक केल्यावर बिघडलं, यातच कारण आहे. व्हर्टेक्स मास हे पूर्ण कापडाचं वजन नसून एकेका बिंदूचं असतं. जाळी उभी-आडवी दुप्पट केली की बिंदू चौपट होतात आणि पदरही चौपट जड होतो. ताण धरणारा टेन्शनचा आकडा मात्र तोच राहतो. म्हणून अशा प्रत्येक वेळी मास पाव करा; सिल्कच्या मापातलं ०.१५ साधारण ०.०४ वर आणा. टेन्शन ५ वरून ४० करा. पैठणीचं रेशीम असं लांबत नाही, ते दुमडतं. त्यामुळे हा आकडा वाढवायला भिऊ नका. बारीक जाळीत ओढ टोकापर्यंत पोचायला जास्त फेऱ्या लागतात, म्हणून क्वालिटी स्टेप्सही (दर फ्रेमला होणाऱ्या हिशेबाच्या फेऱ्या) ५ वरून १२ करा. बारीकपणा फक्त दिसण्यापुरता हवा असेल, तर सबडिव्हिजन सरफेस (जाळी गुळगुळीत करणारा मॉडिफायर) मॉडिफायरच्या यादीत क्लॉथच्या खाली ठेवा. मग त्याचं ओझं कापडावर पडत नाही.

आता जरी. सिल्कच्या मापात बेंडिंग, म्हणजे दुमडायला होणारा विरोध, अवघं ०.०५ असतं. पातळ रेशमाला ते चालतं, पण पैठणीचं अंग मऊ आणि काठ-पदर जरीने भरलेले. दोन्हींना एकच आकडा देणं म्हणजे पैठणीचा जीवच काढून घेणं. व्हर्टेक्स ग्रुप (निवडक बिंदूंचा गट) करून वेट पेंटमध्ये, म्हणजे बिंदूंना रंगवून वजन देण्याच्या सोयीत, काठ-पदराला १ आणि अंगाला ० द्या, जाळीच्या मधल्या दोन चौकटींत उतार ठेवा. प्रॉपर्टी वेट्समध्ये हा ग्रुप बेंडिंगला जोडा आणि मॅक्स बेंडिंग १ पासून चढवत न्या.

कुठे थांबायचं, ते खऱ्या पैठणीला विचारा. पदर टेबलाच्या कडेपासून ८ सेंमी बाहेर काढा, किती झुकतो त्याचा बाजूने फोटो घ्या. मग साडीचं अंग तसंच पाहा. हीच कसोटी सॉफ्टवेअरमध्ये एका चौथऱ्यावर घ्या. चौकटीचा आकार मात्र पदराच्या जाळीचाच ठेवा, कारण झुकणं त्यावरही ठरतं. दोन्ही चित्रं जुळली की आकडा पक्का. कुठल्याही तयार तक्त्यापेक्षा यावर आमचा जास्त भरवसा आहे.

पिन ग्रुपमध्ये (जागेवर धरून ठेवलेल्या बिंदूंच्या गटात) खांद्यावर खरी पिन लावतो तेवढेच बिंदू घ्या. अख्खा खांदा घेतला तर पदर फळीसारखा ताठ दिसतो. निऱ्यांसाठी सेल्फ कोलिजन (कापडाने स्वतःतूनच आरपार न जाणं) लागेल. त्याचं अंतर मुळात १.५ सेंमी असतं. सुरुवातीलाच थर त्याहून जवळ असतील तर पहिल्याच फ्रेमला निऱ्या उसळतात. थर दूर मांडा, नाहीतर ते अंतर कमी करा.

प्रश्न : हिमरू शाल पांघरलेलं मॉडेल चालायला लागलं की कोपर शालीतून बाहेर येतं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी शरीर आणि शाल दोन्हींचं स्केल अप्लाय करा (लहान-मोठं केलेलं माप कायम करा), नाहीतर सगळी अंतरं चुकीची धरली जातात. शरीराला कोलिजन, म्हणजे कापडाला अडवणारी टक्कर, हवंच. पहिल्या फ्रेमला थेट चाल सुरू करू नका: हात पसरलेले ठेवून ४० फ्रेम शाल स्थिरावू द्या, पुढच्या ३० फ्रेममध्ये हात हळूहळू खाली आणा, मग चालवा. एका फ्रेममध्ये हात फार सरकला की मधली टक्कर निसटते. अशा वेळी क्वालिटी स्टेप्स वाढवा. काखेत शरीराचेच दोन भाग एकमेकांत घुसत असतील तर मधे सापडलेल्या शालीला जागाच उरत नाही. कोलिजनसाठी शरीराची साधी प्रत वापरून तिची काख पातळ करा. शाल अंगावर तरंगताना दिसली तर कोलिजनमधली बाहेरची जाडी कमी करा. चाल २५० फ्रेमच्या पुढे जात असेल तर कॅशचा (हिशेब साठवून ठेवण्याच्या जागेचा) शेवटही पुढे न्यायला हवा.

प्रश्न : अर्धपुतळ्याला फेटा करायचा आहे, हालचाल नको. तरी क्लॉथ मॉडिफायर लागेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. स्कल्प्टमधला (मूर्तीसारखं हाताने घडवण्याच्या मोडमधला) क्लॉथ ब्रश पुरतो. तो २०२० च्या २.८३ आवृत्तीपासून आहे. जो भाग हलू नये त्यावर मास्क टाका, ब्रशच्या पिंच पर्पेंडिक्युलर या प्रकाराने घड्या ओढा. एका घडीच्या रुंदीत पाच-सहा चौकटी तरी असू द्या. त्याहून कमी असतील तर घडीऐवजी दातेरी कड मिळते.