वाचकांचे प्रश्न : इंजिन एक, गाड्या तीन

प्रश्न : थार, स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० या महिंद्राच्या तिन्ही गाड्यांत २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन आहे. मग ताकदीचे आकडे कुठे १३०, कुठे १३२, कुठे १७५, तर कुठे १८५ असे का? मोठा आकडा म्हणजे चांगली गाडी, असं समजायचं का?

उत्तर : आधी एकक बघा. बीएचपी आणि पीएस ही दोन्ही अश्वशक्तीची थोडी वेगवेगळी मापं. थारची ताकद बरेचदा १३० बीएचपी अशी छापतात आणि स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या आवृत्त्यांची १३२ पीएस. किलोवॅटमध्ये दोन्ही ९७ च भरतात, म्हणजे फरक शून्य. १ किलोवॅट म्हणजे १.३६ पीएस किंवा १.३४ बीएचपी. माहितीपत्रकं शेजारी ठेवण्याआधी सगळे आकडे किलोवॅटमध्ये करून घेतले की निम्मा घोळ तिथेच मिटतो.

पुढचा फरक मात्र खरा आहे. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या आवृत्त्यांत हेच इंजिन १७५ पीएस देतं, एक्सयूव्ही ७०० च्या एएक्स आवृत्त्यांत १८५. टर्बो किती दाबाने हवा भरतो, किती डिझेल फवारलं जातं आणि इंजिनच्या संगणकाची मांडणी कशी आहे, यावर ही ताकद ठरते. एक्सयूव्ही ७०० च्याच एमएक्स आवृत्तीत ती १५५ पीएसवर ठेवली आहे. त्यामुळे तुलना गाडीच्या नावावर करू नका, आवृत्तीवर करा.

टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनच्या पिळण्याच्या जोरात, आणखी एक बारकावा आहे. तो एनएममध्ये (न्यूटन-मीटर) मोजतात. थारला ३०० एनएम मिळतो. १७५ पीएसच्या स्कॉर्पिओ-एनला मॅन्युअलमध्ये ३७० आणि ऑटोमॅटिकमध्ये ४०० मिळतो, तर एक्सयूव्ही ७०० एएक्सला अनुक्रमे ४२० आणि ४५०. मॅन्युअलमध्ये टॉर्क कमी ठेवण्यामागे सहसा क्लच आणि गिअरबॉक्स किती भार झेलू शकतात हे कारण असतं.

मोठा आकडा नेहमी कामाचा असतोच असं नाही. खडकाळ चढावर गाडी रांगत न्यायची असेल तर थारचा ३०० एनएम पुरून उरतो, कारण तो १६०० ते २८०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) टप्प्यात हाती येतो आणि फोर-लो गिअर (चारही चाकांना ताकद देणारा, अगदी हळू चालवायचा) त्याला आणखी गुणतो. एक्सयूव्ही ७०० च्या १८५ पीएसचा, म्हणजे १३६ किलोवॅटचा, उपयोग जाणवतो तो महामार्गावर, भरल्या गाडीने ट्रकला ओलांडताना.

प्रश्न : घरात सहा माणसं, महिन्यातून दोनदा लांबचा प्रवास, वाटेत घाट. स्कॉर्पिओ-एन घ्यावी की एक्सयूव्ही ७००?

उत्तर : तुमच्या वापराला एक्सयूव्ही ७००. तिची बॉडी आणि सांगाडा एकच, म्हणजे मोनोकॉक आहे आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. एक चाक खड्ड्यात गेलं तरी त्याचा हिसका थेट दुसऱ्या चाकाला बसत नाही. स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर उभी आहे आणि तिचा मागचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, अखंड आहे. तो आडवा सरकू नये म्हणून वॉट्स लिंकेज दिलंय. ते काम चांगलं करतं, पण अॅक्सलचं वजन काही कमी होत नाही. सलग खडबडीत पट्ट्यावर मागच्या रांगेतल्यांना ते कळतं.

उलट बाजूही ऐका. एक्सयूव्ही ७०० मध्ये इंजिन आडवं बसवलंय आणि ऑल-व्हील ड्राइव्ह नसलेल्या आवृत्त्यांत ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. भरलेली गाडी ओल्या, निसरड्या चढावर निघते तेव्हा वजन मागे झुकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरू लागतात. स्कॉर्पिओ-एन मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे तेच वजन तिथे तिच्या पथ्यावर पडतं. तुमच्या गावाची शेवटची वाट कच्च्या चढाची असेल तर माझं मत बदलेल.

सामानाचंही बघा. एक्सयूव्ही ७०० ची तिसरी रांग दोन भागांत दुमडते, म्हणून सहावा माणूस मागे बसूनही शेजारी बॅगा मावतात. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग अखंड आहे, ती दुमडली तर पूर्ण दुमडते.

प्रश्न : पावसाळ्यात थार कायम फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) चालवली तर पकड जास्त मिळेल ना?

उत्तर : डांबरी रस्त्यावर असं करू नका. थारची फोर-व्हील ड्राइव्ह गरजेपुरती वापरायची आहे. तिच्यात पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधला वेगाचा फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत हा फरक चाकं घसरून भरून काढतात, डांबरावर तो ट्रान्सफर केस (दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. स्टिअरिंग जड होणं, वळताना गाडी अडखळणं आणि लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) परत न येणं ही त्याची लक्षणं. लिव्हर अडकलाच तर सरळ रेषेत थोडं मागे-पुढे करा, पीळ सुटतो. फोर-लो टाकताना मात्र गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि मगच लिव्हर हलवा.

एक्सयूव्ही ७०० च्या काही आवृत्त्यांत मिळणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्हला ही अडचण नाही, पण तिला फोर-लोही नाही.

प्रश्न : स्कॉर्पिओ-एनला थारचे टायर बसवले तर?

उत्तर : स्कॉर्पिओ-एनचा २५५/६० आर१८ टायर उभा सुमारे ७६३ मिमी भरतो, थारचा २५५/६५ आर१८ सुमारे ७८९. म्हणजे ३.३ टक्के मोठा. एका फेरीत गाडी तेवढीच जास्त पुढे जाते, त्यामुळे स्पीडोमीटर आधीपेक्षा तेवढा कमी दाखवतो. चाकाचा रेटाही तितकाच घटतो. जमिनीपासूनची उंची जेमतेम १३ मिमी वाढते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याचा धोका वेगळाच. या व्यवहारात हाती काही लागत नाही.

प्रश्न : एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन दोघींना ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी करणाऱ्या संस्थेचे पाच स्टार आहेत. दोघी सारख्याच सुरक्षित ना?

उत्तर : त्या पाच-पाच स्टारांची थेट तुलना होत नाही. एक्सयूव्ही ७०० ला ते २०२१ मध्ये जुन्या नियमांनी मिळाले, स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या अखेरीस नव्या, कडक नियमांनी. नव्या नियमांत बाजूच्या खांबावरची धडक, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि पादचाऱ्यांची सुरक्षाही पाहिली जाते. मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे असतात, तेही वाचा : एक्सयूव्ही ७०० ला चार, स्कॉर्पिओ-एनला तीन. लहान मुलं सोबत असतील तर मोठ्यांच्या पाच स्टारांआधी मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हमध्ये दोन गाड्यांची बरोबरीने तुलना कशी करावी?

उत्तर : टायरची हवा स्वतः मोजा, कारण उभ्या गाड्यांत ती बरेचदा जास्त भरलेली असते आणि गाडी उगाच कडक वाटते. दोन्हींत सारखीच माणसं बसवा. डिझेलच्या वरच्या आवृत्त्यांत झिप, झॅप आणि झूम असे मोड असतात. झिपमध्ये इंजिन हात राखून चालतं, म्हणून दोन्ही गाड्या एकाच मोडवर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा वेग गाठायला किती सेकंद लागतात ते सोबतच्याला मोजू द्या. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे चढ-उतार वजा होतो. शेवटची दहा मिनिटं स्वतः तिसऱ्या रांगेत बसून काढा, तीही खराब रस्त्यावर.