वाचकांचे प्रश्न : कार्बनचे मोल आणि एक उदारमतवादी खासदार

प्रश्न : जर्मनीतील एफडीपी हा पक्ष उद्योगधार्जिणा समजला जातो. मग त्याच पक्षाचे लुकास क्योलर हवामान धोरणासाठी कसे ओळखले गेले, आणि आता ते संसदेत का नाहीत?

उत्तर : १९८६ साली म्युनिक येथे जन्मलेले क्योलर मुळात तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आहेत. लोकशाहीत ज्यांना स्वतःचा आवाज नाही त्यांचे प्रतिनिधित्व कोणी करावे, हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता. हवामानाचा प्रश्न तिथून फार दूर नाही, कारण आजच्या धुराची किंमत मोजणाऱ्या पुढच्या पिढ्यांना आज मतदान करता येत नाही.

२०१७ मध्ये ते बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, निवडून आले आणि पक्षाचे हवामानविषयक प्रवक्ते झाले. २०२१ च्या अखेरीस ते संसदीय गटाचे उपनेते झाले. त्यांची भूमिका अशी, की उत्सर्जनावर एकूण मर्यादा घालावी, तेवढेच उत्सर्जनाचे परवाने बाजारात आणावेत, आणि कपात नेमकी कुठे व कोणत्या तंत्राने करायची हे सरकारने न ठरवता जिथे ती स्वस्तात होईल तिथे होऊ द्यावी.

या भूमिकेचा कस हवामान संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीत लागला. २०१९ च्या मूळ कायद्यानुसार वाहतूक, इमारती, उद्योग अशा प्रत्येक क्षेत्राला वार्षिक मर्यादा होती, आणि ती ओलांडली गेली की संबंधित मंत्रालयाला तातडीचा कार्यक्रम सादर करावा लागे. एप्रिल २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने हिशेब सर्व क्षेत्रांचा एकत्र धरला, आणि सलग दोन वर्षे उत्सर्जनाचे अंदाज लक्ष्याबाहेर गेले तरच संपूर्ण सरकारने पावले उचलावीत, असे ठरले. क्योलर या वाटाघाटींत पक्षाच्या वतीने होते. कार्बनचा टन कुठूनही कमी झाला तरी वातावरणाला फरक पडत नाही, हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. मात्र सातत्याने मागे पडणारे वाहतूक खाते तेव्हा त्यांच्याच पक्षाकडे होते, त्यामुळे ही सवलत घरच्यांसाठीच आहे, अशी टीका झाली आणि ती मला अगदीच निराधार वाटत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्त्स यांनी एफडीपीचे अर्थमंत्री लिंडनर यांना पदावरून दूर केले आणि एफडीपीचा समावेश असलेली तीन पक्षांची सत्ताधारी आघाडी कोसळली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एफडीपीला ४.३ टक्के मते मिळाली. तिथे संसदेत जागा मिळण्यासाठी सहसा किमान पाच टक्के मतांची अट असल्याने पक्षाचा एकही खासदार उरला नाही, आणि क्योलर यांची जागाही त्यातच गेली.