ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या) नाटकांचं चित्रीकरण होतं म्हणतात, मग ते आपल्याला का पाहायला मिळत नाही?

होतं, आणि चांगलं होतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटरमधल्या शाखेत बेटी कॉर्विन यांनी १९७० मध्ये अशा चित्रीकरणांचा संग्रह सुरू केला. खरी अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच, हक्कांची होती. टेप बाहेर फिरू लागली तर तिकीट कोण काढणार? म्हणून कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांशी करार झाले: चित्रीकरण करा, पण प्रत बाहेर जाणार नाही. अभ्यासक, विद्यार्थी, रंगकर्मी यांनी वेळ ठरवून तिथेच बसून पाहायचं.

प्रयोग प्रेक्षकांसमोरचा असतो, त्यामुळे हशा नेमका कुठे पिकला हेही नोंदलं जातं. माझ्या मते खरी दौलत तीच; संहिता काय, छापील मिळतेच.

आमच्या हौशी ग्रुपने एकदा शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर एकच कॅमेरा ठेवला होता. ब्लॅकआउटनंतर लाइट आला की नटांचे चेहरे पांढरेफटक, आणि संवादांपेक्षा पुढच्या काकांचा खोकला स्पष्ट! स्वतःच्या नाटकाचं करणार असाल तर आवाज थेट साउंड मिक्सरवरून (नाट्यगृहातले माइक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रावरून) घ्या (हशासाठी एक माइक प्रेक्षागृहात ठेवा) आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ऑटोवर सोडू नका.