अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या तुमच्या मुलाने शाळेत कधी तुम्हाला तोंडात बोट घालायला लावलं का?

लावलं. तेही माझ्याच खिशातले पैसे घेऊन.

माझं फोंडा बाजारात स्टेशनरीचं दुकान आहे. म्हणजे गावभरच्या पोरांना वह्या मी पुरवतो आणि माझ्या घरचा नववीतला चिरंजीव वही पाहिली की जांभया देतो. जीवशास्त्राच्या चाचणीत 20 पैकी 6. त्यातला एक गुण अक्षर वाचता न आल्यामुळे मास्तरांनी दयेने दिला असावा, असा माझा संशय आहे.

गणेश चवथीच्या आधी पंधरा-वीस दिवस तो रोज ट्यूशनहून उशिरा यायचा. अंगाला चिखल, घोट्यांवर लाल ठिपके. बायको म्हणाली, डास. मी म्हटलं, फुटबॉल. ते जळवांचे चावे होते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळीच्या बाजारात गेलो. (गोव्याबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, शेंगा, वेली बांधतात, ती माटोळी. कला आणि संस्कृती संचालनालय तिची स्पर्धासुद्धा घेतं आणि तिथे शेकडो जिनसा लावणारी घरं असतात. आमची माटोळी आपली साधी.) रस्त्याकडेला बसलेल्या एका मावशीकडून कांगल्यांचे घोस, आंबाडे आणि लालभडक कवंडळं घेतली. ती दीडशे म्हणाली, मी शंभरावर अडून बसलो. शेवटी एकशेवीस घेऊन ती हसत म्हणाली, "घेयात, तुमच्याच भुरग्यान हाडलां न्हय हें!" (म्हणजे, तुमच्याच मुलाने आणलंय ना हे!)

पाठीमागे गोणपाटावर आमचा चिरंजीव केवणीच्या सालीच्या दोराने घागऱ्यांच्या शेंगांच्या जुड्या बांधत बसला होता. माझ्याकडे बघून त्याने शांतपणे विचारलं, "बाबा, पिशवी हाडल्या?"

ट्यूशनची फी बुडाली, आणि आपल्याच पोराने रानातून आणलेला माल मी घासाघीस करून विकत घेतला. रागवायचं होतं, पण बाजारात ओळखीची चार माणसं हसत उभी होती.

सुट्टी संपल्यावर विज्ञानाच्या सरांचा फोन आला. अशा फोनला काय बोलायचं ते मला पाठ आहे: "हो सर, सांगतो सर, माफ करा सर." सरांनी वर्गाला माटोळीतली प्रत्येकी एक वनस्पती आणायला सांगितली होती. आमच्याने सत्तावीस आणल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर गावचं नाव आणि खाली पुस्तकातून शोधलेलं शास्त्रीय नाव. आंबाड्यावर 'स्पाँडियास पिन्नाटा' अगदी बिनचूक. कवंडळावर मात्र शुद्ध मराठीत 'खावु नये'.

वर, एका मुलीने केवण म्हणून आणलेली फांदी केवण नाहीच, असं त्याने सरांसमोर सांगितलं. सालीचा धागा ओढून दाखवला. तो तटकन तुटला. केवणीचा तुटत नाही म्हणे. सर मला विचारत होते, "हें सगळें तो खंय शिकता?" मी काय सांगणार, ट्यूशन चुकवून?

त्याला कोणी शिकवलं हे मी नंतर विचारलं. मावशीनेच. वेल मुळासकट उपटायची नाही, झाडावरची सगळी फळं ओरबाडायची नाहीत, पुढच्या चवथीलाही माटोळी असते, हेही तिचंच. मी दहा वर्षं 'अभ्यास कर' म्हणतोय, त्यातलं एक अक्षर आत गेलेलं नाही.

परीक्षेत जीवशास्त्रात पास झाला. गणितात माटोळी नसते, त्यामुळे तिथे परिस्थिती जैसे थे.

परवा तो दुकानात आला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून एक जाड वही उचलली. झाडांची नावं लिहायला. ऐंशी रुपये. मी उधारीच्या वहीत त्याच्या नावावर मांडून ठेवलेत. कमावता आहे तो.