गुलाबी ढग, फिके रंग, काळपट प्रिंट : कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या रॉ फाइलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा कॉम्पॅक्ट कॅमेरा रॉ (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (तयार चित्र) दोन्ही साठवतो. संगणकावर रॉ फाइल उघडली की क्षणभर रंग छान दिसतात आणि लगेच फोटो फिका पडतो, थोडा काळवंडतोही. फाइल खराब होते आहे का?

उत्तर : फाइल शाबूत आहे. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेलं एक जेपेग चित्र असतं आणि उघडल्याबरोबर सॉफ्टवेअर आधी तेच दाखवतं. मग ते स्वतःच्या पद्धतीने रॉ उलगडतं, आणि तुम्हाला फिका दिसतो तो हा दुसरा निकाल.

रॉमध्ये तयार रंग नसतातच. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढावे लागतात. त्यानंतर व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा काढून पांढरं ते पांढरं दिसावं अशी दुरुस्ती), रंगांचं प्रोफाइल (कॅमेऱ्याचे आकडे खऱ्या रंगांशी जुळवणारा तक्ता), कॉन्ट्रास्टची वक्ररेषा, शार्पनिंग हे सगळं कॅमेरा जेपेगमध्ये आपल्या पसंतीने करून टाकतो. तुमचं सॉफ्टवेअर ती पसंती जाणत नाही.

जेपेगसारखा रंग हवा असेल तर रॉ उलगडणाऱ्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलच्या यादीत ‘कॅमेरा’ या नावाने सुरू होणारी प्रोफाइल आहेत का ते पाहा. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी ती नेहमी मिळतातच असं नाही. रॉथेरपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह’चं बटण आहे. ते आतल्या जेपेगशी ताडून वक्ररेषा आपोआप बसवतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. रंग काटेकोर हवे असतील, तर 24 चौकटींच्या रंगतक्त्याचा रॉ फोटो सपाट, एकसारख्या उजेडात काढा आणि त्यावरून आपल्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवा. तक्त्यावर कुठेही चमक आली तर तो फोटो टाकून द्या, कारण चमकलेली चौकट सगळं प्रोफाइल बिघडवते.

काळवंडण्याचं कारण वेगळं असू शकतं. सावल्या उजळणारी किंवा ‘डायनॅमिक रेंज’ (उजळ आणि अंधाऱ्या भागांमधला टिपता येणारा पल्ला) वाढवणारी सोय चालू असेल, तर बरेच कॅमेरे मुद्दाम कमी एक्स्पोजर (सेन्सरवर कमी प्रकाश) देतात आणि जेपेग नंतर उजळवतात. रॉ मात्र अंधारा राहतो. रॉ काढताना ती सोय बंद ठेवा.

प्रश्न : भर उन्हातल्या फोटोंमध्ये पांढऱ्या ढगांच्या कडा गुलाबी-जांभळट येतात. जेपेगमध्ये तसं दिसत नाही.

उत्तर : हा प्रश्न नीट समजून घेण्याजोगा आहे, म्हणून आकडे मांडतो. 12 बिटच्या रॉमध्ये एका बिंदूची कमाल किंमत 4095. दिवसाच्या उजेडात हिरवे बिंदू सर्वांत आधी भरतात. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्याला गुणून हिरव्याच्या पातळीवर आणणं. समजा लालाला 2 ने आणि निळ्याला 1.5 ने. आता असा ढग घ्या, ज्याची हिरव्याची खरी किंमत 5500 यायला हवी होती. हिरवा 4095 वर अडकला. लालाची नोंद 2750, ती दुप्पट होऊन 5500. निळ्याची सुमारे 3667, ती दीडपट होऊन 5500. लाल आणि निळा पूर्ण, हिरवा अपुरा, म्हणून ढग गुलाबी.

कॅमेरा जेपेग बनवताना तिन्ही रंग एकाच उंचीवर छाटतो, म्हणून तिथे पांढरं दिसतं. सॉफ्टवेअरही तसंच करतं, पण सेन्सर नेमका कुठे भरतो हे त्याला ठाऊक असेल तर. काही सेन्सर 4095 च्या बरेच खाली भरतात. सॉफ्टवेअर 4095 धरून बसलं, तर छाटलेला हिरवा त्याला शाबूत वाटतो. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ ब्लॅक/व्हाइट पॉइंट’ हे मॉड्यूल उघडून व्हाइट पॉइंट हळूहळू खाली आणा. गुलाबी छटा जिथे नाहीशी होते तिथेच थांबा. आणखी खाली नेलंत तर चांगला तपशीलही पांढरा होईल. हा आकडा तुमच्या कॅमेऱ्यासाठी त्या आयएसओला (प्रकाश-संवेदनशीलतेच्या सेटिंगला) पुन्हा वापरता येतो, तेव्हा प्रीसेट करून ठेवा. त्यानंतरच ‘हायलाइट रिकन्स्ट्रक्शन’ला (छाटलेले रंग अंदाजाने भरून काढणाऱ्या सोयीला) हात लावा. ते एक-दोन रंग छाटले गेले असतील तरच कामाचं आहे. तिन्ही गेले असतील तर तिथे माहितीच नाही, ती जागा पांढरी राहू देणं प्रामाणिक.

फोटो काढताना लक्षात ठेवा, की पडद्यावरचा हिस्टोग्राम (किती बिंदू किती उजळ हे दाखवणारा आलेख) जेपेगचा असतो, रॉचा नव्हे. पिक्चर स्टाइलमध्ये कॉन्ट्रास्ट सर्वांत कमी ठेवला तर तो रॉच्या थोडा जवळ येतो. ढगाळ पण झगझगीत आकाशाला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −1/3 ते −2/3 वर ठेवा. त्याहून जास्त कमी करू नका. लहान सेन्सरवर सावल्या उजळल्या की रंगीत नॉइज (ठिपक्यांचा रवाळपणा) लगेच वर येतो.

प्रश्न : व्हाइट बॅलन्ससाठी पांढरा कागद चालेल का?

उत्तर : टाळा. छपाईच्या बहुतेक कागदांत उजळपणासाठी रसायन असतं. ते अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश सोडतं, त्यामुळे कागदावरून बॅलन्स केला की फोटो पिवळट होतो. तटस्थ ग्रे कार्ड वापरा. ज्या उजेडात विषय आहे त्याच उजेडात त्याचा एक रॉ फोटो काढा, त्यावरून घेतलेला बॅलन्स त्या मालिकेतल्या सगळ्या फोटोंना लावा. ड्रॉपरने एकच बिंदू न घेता मोठा तुकडा घ्या, नॉइजमुळे एकटा बिंदू फसवतो. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र असतील तर एका आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. शक्य असेल तर दिवा बंद करणं उत्तम.

प्रश्न : कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडलं, कारण त्यात रंग जास्त असतात असं वाचलं. पण फोटो इतरांना पाठवले की मरगळलेले दिसतात.

उत्तर : रॉ काढत असाल तर या सेटिंगचा रॉच्या आकड्यांशी संबंध नाही, ते फक्त जेपेगला लागू होतं. अशा जेपेगच्या नावाची सुरुवात बहुधा अंडरस्कोअरने होते, त्यावरून ते ओळखता येतात.

एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी ही रंगावकाशं, म्हणजे आकड्यांनी दाखवता येणाऱ्या रंगांचे पल्ले. एसआरजीबी 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने पुढे आणलं, अडोबी आरजीबी 1998 चं. दुसऱ्यात हिरव्या-निळ्याचा पल्ला मोठा आहे, म्हणून तोच आकडा तिथे अधिक भडक रंग दाखवतो. पाठवताना प्रोफाइल (फाइल कोणत्या रंगावकाशातली आहे ही नोंद) गळून पडलं की समोरचं अ‍ॅप ते आकडे एसआरजीबी समजून वाचतं आणि रंग फिके होतात. उपाय : कॅमेऱ्यात एसआरजीबी ठेवा. संगणकावर काम मोठ्या रंगावकाशात, पण 16 बिटमध्येच (रंगाच्या अधिक बारीक पायऱ्यांत) करा. 8 बिटमध्ये प्रोफोटो हे फार मोठं रंगावकाश वापरलं तर आकाशात पट्टे उमटतात. शेवटी एसआरजीबीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. ‘असाइन’ करू नका, त्याने आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. ‘असाइन’ची गरज एकाच प्रसंगी पडते : प्रोफाइल हरवलेल्या फाइलला आधी अडोबी आरजीबी असाइन करायचं, मग कन्व्हर्ट करायचं. जागेचा हिशेबही ठेवा, 20 मेगापिक्सेलची 16 बिट टिफ फाइल साधारण 120 एमबी होते.

प्रश्न : रॉमध्ये सरळ रेषा फुगीर आणि कोपरे काळे दिसतात. लेन्स बिघडली का?

उत्तर : नाही. छोट्या लेन्सचा वाइड टोकाचा फुगवटा कॅमेरा जेपेगमध्ये गणिताने सरळ करतो. सॉफ्टवेअरमध्ये लेन्स करेक्शन चालू करा; यादीत तुमचा कॅमेरा नसेल तर फाइलमधल्या माहितीवरून सुधारणा करण्याचा पर्याय शोधा. कोपरे ताणले जात असल्याने तिथला तपशील थोडा मऊ राहणारच.

प्रश्न : स्क्रीनवर उत्तम दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळपट येतो.

उत्तर : बहुतेक वेळा दोष स्क्रीनच्या झगझगीतपणाचा असतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मग कॅलिब्रेटरने (स्क्रीनचे रंग मोजणाऱ्या उपकरणाने) 6500 केल्व्हिन, गॅमा 2.2 आणि उजेड 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर यावर आणा. उपकरण नसेल तर कोरा कागद दिव्याखाली धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्याच्याइतकं होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नेमकेपणा येणार नाही, पण काळपटपणा बराच जाईल.

मग प्रिंटर आणि कागद या जोडीचं प्रोफाइल मिळवून सॉफ्ट प्रूफिंग करा, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच पाहा. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ (कागदावर मावणारे रंग तसेच ठेवणारी पद्धत) आणि ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ यांपासून सुरुवात करा. फार भडक रंग सपाट पडत असतील तर ‘पर्सेप्च्युअल’ (सगळेच रंग प्रमाणात दाबणारी पद्धत) करून पाहा. स्वतः छापत असाल तर रंगांची जबाबदारी सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर ड्रायव्हर यांपैकी एकाकडेच द्या. दोघांनीही प्रोफाइल लावलं की प्रिंटवर परकी छटा चढते, आणि मग माणूस निष्कारण फोटोचेच रंग दुरुस्त करत बसतो. इंकजेट प्रिंट पूर्ण वाळल्यावरच त्याचा रंग तपासा.